जिरगा : बिनखुर्चीचं कोर्ट

गोष्ट १५०५ सालची. काबूल हाती येऊन बाबराला जेमतेम काही महिने झाले होते. हिंदुस्तानचं तख्त अजून बरंच लांब होतं. खैबर ओलांडून तो कोहाटवर धाड घालायला उतरला आणि पुढे हंगूच्या वाटेवर अफगाणांची, म्हणजे पश्तूनांची, एक टोळी त्याच्या सैन्याच्या कचाट्यात सापडली. आता सुटका नाही हे दिसल्यावर ती माणसं दातांत गवत धरून पुढे आली. मी तुझी गाय आहे, मला मारू नकोस, असा त्याचा अर्थ. बाबरानं ही रीत आत्मचरित्रात कौतुकानं टिपून ठेवली आहे. आपण मराठीत ‘दाती तृण धरणे’ म्हणतो ते बोलण्यापुरतं. तिथलं गवत खरं होतं.

रीत टिपून घेतल्यावर बाबरानं काय केलं? कैद्यांची मुंडकी उडवली आणि तळावर त्यांचा मनोरा रचायला लावला.

हेच गवत एखाद्या पश्तून माणसाच्या दारात धरलं असतं, तर मात्र त्याला बरंच वजन आलं असतं. वैर कसं मिटवायचं, शरण आलेल्याचं काय करायचं, खुनाची भरपाई किती, याचे या समाजाचे स्वतःचे कायदे आहेत आणि स्वतःचं कोर्टही आहे. त्याचं नाव जिरगा. अफगाणिस्तानात आणि पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वात आजही ते भरतं. त्याच्या या काही चटकदार गोष्टी. एकदोन कडूही आहेत.

१. गोलात बसलं की पहिली खुर्ची कुणाची?

कुणाचीच नाही. जिरगा गोलात बसतो. अध्यक्ष नाही, व्यासपीठ नाही, हातोडा नाही. जागा म्हणजे गावची हुजरा, मशिदीचं आवार, नाहीतर झाडाखालची मोकळी जमीन. हुजरा म्हणजे पाहुण्यांसाठीचा बैठा दिवाणखाना. चहाच्या किटल्या फिरत राहतात आणि बोलणीही. मतदान होत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं. एक दिवस लागो, नाहीतर महिना. हात वर करून बहुमत मोजलं, तर हरलेला माणूस घरी जाऊन बंदूक साफ करायला घेणार, हे तिथल्या म्हाताऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

२. पदवी : पांढरी दाढी

जिरग्यात बसणाऱ्या जाणत्यांना म्हणतात ‘स्पीनगिरी’. स्पीन म्हणजे पांढरा आणि गीरा म्हणजे दाढी. वकिलीची सनद लागत नाही, लिहिता-वाचता आलं नाही तरी चालतं. पण स्मरणशक्ती जबरदस्त हवी, कारण कायद्याचं पुस्तकच नाही. कुठल्या टोळीत कुठल्या गुन्ह्याला पूर्वी काय ठरलं, हे सगळं तोंडपाठ. या रूढ कायद्याला म्हणतात ‘नर्ख’ आणि त्याच्या जाणकाराला ‘नर्खी’. अहमदझईंचा नर्ख वेगळा, शेजारच्या टोळीचा वेगळा.

हा शब्द ओळखीचा वाटला ना? आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांत बाजारभावाला ‘निरख’ म्हणतात, तो याचाच भाऊ. दोन्ही शब्द फारसीतून आले. आपल्याकडे तो धान्याच्या भावाला चिकटला, तिकडे गुन्ह्यांच्या भावाला.

३. आधी बंदूक जमा, मग कैफियत

जिरग्याकडे पोलीस नाहीत. मग त्यानं दिलेला निकाल दोघं पाळतील याची खात्री काय? तोड साधी आहे. सुनावणीच्या आधीच दोन्ही पक्षांनी जिरग्याला ‘वाक’ द्यायचा, म्हणजे तुम्ही ठरवाल ते मान्य असा अधिकार. नुसत्या शब्दावर काम भागणार नसेल, तर वर ‘मचलघा’ ठेवायचा. मचलघा म्हणजे अनामत. रोख रक्कम, दागिने आणि सगळ्यात लोकप्रिय म्हणजे घरातल्या रायफली. निकाल मोडला की अनामत गेली. ज्या घरात बंदूक ही अब्रूची वस्तू आहे, तिथे ती दुसऱ्याच्या ओसरीवर पडलेली दिसणं हीच मोठी शिक्षा.

४. दगड ठेवला, आता गोळी नाही

दोन घराणी एकमेकांवर गोळ्या झाडत असतील, तर जिरगा आधी न्यायनिवाडा करतच नाही. आधी ‘तीगा’ ठेवतो. तीगा म्हणजे दगड. जिरग्यानं मध्ये दगड ठेवला की अमुक मुदतीपर्यंत युद्धबंदी. त्या काळात शेताला पाणी द्या, बाजार करा, वैऱ्यासमोरून चालत जा, गोळी मात्र झाडायची नाही. दगड ओलांडणाऱ्याला ‘नाघा’, म्हणजे जबर दंड. हा दंड समोरच्या पक्षापुरता नसतो, कारण दगड ज्यांनी ठेवला त्या सगळ्या जिरग्याचा अपमान झालेला असतो.

पश्तून माणसाचा सूड शिळा होत नाही, अशी ख्याती आहे. शंभर वर्षांनी बदला घेऊन ‘जरा घाईच झाली’ म्हणणाऱ्या पठाणाची म्हण तेच लोक हसत हसत सांगतात. अशा मुलखात महिनाभराची शांतता मिळवून देणाऱ्या दगडाची किंमत हिऱ्यापेक्षा जास्त.

५. आपला रोग, त्यांचा रोघ

जिरग्याला सगळ्यात प्रिय शेवट कोणता? ‘रोघा’, म्हणजे समेट. पश्तोत ‘रोघ’ म्हणजे धडधाकट, निरोगी. इस्पितळाला ते ‘रोघतून’ म्हणतात. मराठी माणूस काबूलमध्ये पाटी वाचून बुचकळ्यात पडायचा.

या एका शब्दात जिरग्याचं सगळं तत्त्वज्ञान बसतं. भांडण हे दुखणं आणि समेट म्हणजे बरं होणं. कोर्ट विचारतं, दोषी कोण? जिरग्याचा प्रश्न वेगळा असतो : एकाच ओढ्याचं पाणी वापरणारी ही दोन घरं उद्यापासून शेजारी कशी राहतील? त्यामुळे कधी कधी निकालात कोण खरा, कोण खोटा याचा पत्ताच नसतो. सगळे हात वर करून दुवा मागतात आणि उठतात. दुवा मागितली की विषय संपला.

६. मेंढा घेऊन वैऱ्याच्या दारात

चूक कबूल करायची तर त्याचीही रीत आहे : ‘ननवाते’. शब्दशः अर्थ आत जाणं, म्हणजे वैऱ्याच्या घरात शिरणं, तेही हात जोडून. गुन्हेगाराकडची मंडळी गावातले वडीलधारे, मौलवी आणि मेंढे सोबत घेऊन ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात जातात. मेंढा तिथेच कापला जातो. कधी डोक्यावर कुराण, कधी गळ्यात दोरी, कधी बाबरानं पाहिलं तसं तोंडात गवत.

आता पेच घरमालकाचा. दारात आलेल्याला परत पाठवणं ही पश्तूनवलीच्या, म्हणजे त्यांच्या अलिखित आचारसंहितेच्या, दृष्टीनं नामुष्की. काल ज्याचा जीव घ्यायला निघालो होतो, त्याच्याच मेंढ्याचं जेवण आज त्याच्या शेजारी बसून खायचं. माफी मागणाऱ्यापेक्षा देणाऱ्याची परीक्षा अवघड.

७. नाही ऐकलं तर? ढोल वाजतो

अनामत बुडाली तरी फिकीर नाही, असा एखादा निघतोच. त्याच्यासाठी पक्तिया, खोस्त, पक्तिका या भागात ‘अरबकै’ आहेत. जिरग्यानं उभी केलेली ही तरुणांची तात्पुरती फौज. हिला वर्दी नाही. ढोल वाजला की जमायचं, जिरग्याचा हुकूम बजावायचा आणि काम झालं की पुन्हा शेतावर. हट्टी माणसाला दंड, त्यावरही ऐकलं नाही तर घर जाळणं, नाहीतर मुलूख सोडायला लावणं. टोळीशिवाय जगता न येणाऱ्या डोंगरात हद्दपारी म्हणजे जवळजवळ फाशीच.

८. गप्प बसला तो राजा झाला

जिरगा फक्त ओढ्याच्या पाण्यापुरता नाही. ‘लोया’ म्हणजे थोर. देशाचा प्रश्न आला की लोया जिरगा. १७४७ मध्ये इराणच्या नादिरशहाचा खून झाला आणि अफगाण सरदार कंदाहारजवळ शेर सुर्ख या दर्ग्यापाशी राजा निवडायला जमले. सांगतात की नऊ दिवस प्रत्येक सरदार स्वतःचं घोडं पुढे दामटत होता. पंचविशीतला एक सरदार मात्र अवाक्षर बोलला नाही. शेवटी साबिर शहा नावाच्या फकिरानं धान्याची कणसं त्याच्या पागोट्यात खोचली आणि हाच राजा म्हणून जाहीर केलं. त्याचं घराणं लहान, म्हणून मोठ्या टोळ्यांना त्याची भीती नव्हती, असाही हिशेब सांगितला जातो.

त्या गप्प तरुणाचं नाव अहमदशहा अब्दाली. पुढे चौदाच वर्षांत, १४ जानेवारी १७६१ ला, त्यानं पानिपतावर मराठी मुलखातल्या लाखभर बांगड्या फोडल्या. कंदाहारच्या त्या बैठकीचा निकाल आपल्याही घराघरात पोचला.

९. जिरग्याचा साहेब, पुण्याचा रेसिडेंट

जिरग्याचं बारकाईनं वर्णन करणारा पहिल्यावहिल्या इंग्रजांपैकी एक कोण? माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. हो, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजला ज्याचं नाव आहे तोच. १८०९ मध्ये तो काबूलचा बादशहा शाह शुजा याला भेटायला पेशावरला गेला. काबूलच्या राज्यावरचा त्याचा जाडजूड ग्रंथ १८१५ मध्ये निघाला तेव्हा तो पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होता. गंमत म्हणजे काबूल शहरात त्यानं पाऊलही ठेवलं नव्हतं. पेशावरला येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारून विचारून त्यानं माहिती गोळा केली.

तीन वर्षांनी पेशवाई बुडाली आणि जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था त्याच्याकडे आली. १८१९ च्या अहवालात त्यानं शिफारस केली की इथली पंचायत मोडू नका, चालू ठेवा. डोंगरातला जिरगा आणि दख्खनची पंचायत, दोन्ही अभ्यासलेला दुसरा साहेब सापडणं कठीण.

१०. लुंगी डोक्यावर, भत्ता खिशात

इंग्रज सरहद्दीवर आले आणि त्यांनी ओळखलं की जिरगा मोडण्यापेक्षा तो खिशात घातलेला बरा. १८७२ मध्ये त्यांनी सरहद्द गुन्हे कायदा आणला. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात त्याला पक्कं रूप आलं. आता जिरग्यात कोण बसणार हे पोलिटिकल एजंट ठरवू लागला. लोक त्याला ‘सरकारी जिरगा’ म्हणत. एकानं गुन्हा केला तर अख्ख्या टोळीला पकडायचं, हाही याच कायद्याचा नियम. त्याची ओळख तिकडे तीन शब्दांत सांगत : ना वकील, ना दलील, ना अपील.

सरकारशी गोड राहणाऱ्या मलिकांना, म्हणजे टोळीप्रमुखांना, भत्ता मिळे. त्याचं नाव ‘लुंगी’. दचकू नका, तिकडे लुंगी म्हणजे पागोटं. मुंबईकराला याचं नवल वाटायचं कारण नाही. त्याच्या शहरातही ‘पगडी’ म्हणजे डोक्यावरची वस्तू नव्हेच, जागेसाठी मोजलेली रोकड!

हा कायदा पाकिस्तान झाल्यावरही सत्तर वर्षं टिकला. टोळ्यांचा प्रदेश मे २०१८ मध्ये खैबर पख्तुनख्वात विलीन झाला, तेव्हा कुठे तो गेला.

११. कोट, टाय आणि एक मुंबईकर राजकन्या

१९२८ मध्ये बादशहा अमानुल्ला युरोप फिरून आला आणि काबूलजवळच्या पघमानला त्यानं लोया जिरगा भरवला. डोंगरातून आलेल्या हजारेक प्रतिनिधींना हुकूम : पागोटी, अंगरखे उतरवा, काळा कोट, टाय, बूट आणि हॅट चढवा. बहुतेकांनी टाय आयुष्यात पाहिला नव्हता. गळ्यात ते फडकं अडकवून शिक्षण, स्त्रिया, झेंडा अशा सुधारणांची भाषणं त्यांना दिवसच्या दिवस ऐकावी लागली. सगळ्यांनी माना डोलावल्या, घरी जाऊन कोट काढला आणि काही महिन्यांत बंड पेटलं. जानेवारी १९२९ मध्ये अमानुल्लानं गादी सोडली. माना डोलावणं आणि एकमत होणं यातला फरक बादशहाला फार महागात शिकायला मिळाला.

परागंदा कुटुंब मुंबईला आलं. जूनमध्ये तिथेच राणी सुरय्याला मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं इंडिया!

१२. बिअरच्या तंबूत लोकशाही

तालिबानची पहिली राजवट गेल्यावर जून २००२ मध्ये काबूलच्या पॉलिटेक्निकच्या आवारात तातडीचा लोया जिरगा भरला. साधारण दीड हजार प्रतिनिधी. एवढ्यांना मावेल असं छप्पर युद्धानं खिळखिळ्या झालेल्या शहरात कुठून आणायचं? जर्मनीनं भलामोठा तंबू पाठवला. तिकडच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये बिअरचे पेले रिचवायला उभारतात, त्या जातीचा! त्याच छताखाली दाढीवाले बुजुर्ग, टोळीप्रमुख आणि सरदार चहा पीत देशाचं भवितव्य ठरवत होते.

इथे मात्र जुनी रीत सोडून चिठ्ठ्या टाकून मतदान झालं. हमीद करझाईंना १२९५ मतं पडली. दुसऱ्या क्रमांकावर कोण? एक स्त्री. डॉक्टर मसूदा जलाल, १७१ मतं. सात महिन्यांपूर्वीपर्यंत ज्या शहरात बायकांना एकटीनं रस्त्यावर निघता येत नव्हतं, तिथे.

पुढच्या वर्षी डिसेंबरात राज्यघटनेसाठी ५०२ जणांचा लोया जिरगा बसला. पंचविशीतली मलालाई जोया उभी राहिली आणि देश ज्यांनी उद्ध्वस्त केला तेच सरदार इथे मानानं का बसलेत, असं तिनं तोंडावर विचारलं. तंबूत असा गदारोळ झाला की तिला संरक्षणात ठेवावं लागलं. सरदार जागेवरच राहिले.

१३. रिंगणाबाहेरच्या

आता कडू गोष्ट. समेट झाला, मेंढा कापला, दुवा मागितली. पण भरपाई कशात दिली? अनेकदा मुलींत. खुनाच्या बदल्यात गुन्हेगाराच्या घरातली मुलगी मयताच्या घरात लग्न लावून द्यायची. पाकिस्तानी बाजूला या चालीला ‘स्वारा’ म्हणतात, अफगाणिस्तानात ‘बाद’. एल्फिन्स्टननं पश्चिमेकडच्या टोळ्यांचा चक्क दरच लिहून ठेवला आहे : खुनाला बारा मुली, हात तोडला तर सहा, दात पाडला तर तीन. नर्खाचा आपल्या ‘निरखा’शी असलेला संबंध इथे नको इतका उघडा पडतो. भांडण काकाचं, खून भावाचा, आणि आयुष्यभर वैऱ्याच्या चुलीपुढे राबायचं ते आठ-दहा वर्षांच्या पोरीनं. गोलाला पहिली खुर्ची नसते हे खरं, पण गोलाला बाहेरची बाजू असते.

समर मिनल्ला यांनी २००३ मध्ये स्वारावर माहितीपट काढला आणि त्या सर्वोच्च न्यायालयातही गेल्या. त्यानंतर पाकिस्तानी दंडसंहितेत हा गुन्हा ठरला. अफगाणिस्तानात २००९ च्या कायद्यानं ‘बाद’ला शिक्षा सांगितली. डिसेंबर २०२१ मध्ये तर तालिबानच्या प्रमुखानंही फर्मान काढलं की तह करण्यासाठी बाई देता येणार नाही. याच तालिबाननं २०२२ च्या उन्हाळ्यात काबूलला तीन हजारांवर पुरुषांची सभा भरवली. बायका का नाहीत, असं विचारल्यावर उत्तर आलं की त्यांचे मुलगे आहेत की!

स्वातमधल्या तबस्सुम अदनान यांनी असल्या उत्तराची वाट पाहिली नाही. लहानपणी लग्न झालेल्या आणि मारहाण सोसलेल्या या बाईंनी २०१३ मध्ये ‘ख्वेंदो जिरगा’ सुरू केला. ख्वेंदो म्हणजे बहिणींचा. पुरुषांनी आपल्या जिरग्यात घेतलं नाही, म्हणून बहिणींनी आपला गोल मांडला.

१४. कोर्ट म्हणतं नको, पोलीस म्हणतात या बसा

जानेवारी २०१९ मध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जिरग्यानं कोर्टासारखा निकाल देणं घटनाबाह्य आहे. दोघांच्या राजीखुशीनं दिवाणी वादात मध्यस्थी करा, शिक्षा सुनावू नका. पण त्याच देशात खैबर पख्तुनख्वाच्या पोलिसांनी २०१४ पासून तंटा निवारण समित्या चालवल्या आहेत, त्याही पोलीस ठाण्याच्या आवारात. निवृत्त न्यायाधीश, अधिकारी, शिक्षक, व्यापारी अशी मंडळी त्यात बसतात. पांढरी दाढी ऐच्छिक.

यामागचं कारण कुणालाही समजेल. कोर्टात जमिनीचा दावा लावला तर निकाल नातू ऐकणार. जिरग्यात चार बैठकांत काहीतरी हाताला लागतं, वकिलाची फी वाचते आणि निकाल आपल्या भाषेत मिळतो.

१५. पुन्हा कोहाट

बाबरानं गवत पाहिलं तो कोहाटचाच मुलूख. त्याला आता पाचशेहून जास्त वर्षं झाली. शेजारच्या कुर्रम जिल्ह्यात जमिनीचे जुने वाद आणि शिया-सुन्नी तेढ यांचा २०२४ च्या नोव्हेंबरात भडका उडाला. वाहनांच्या ताफ्यावर हल्ला झाला, मग गावांमागून गावं पेटली. शंभरावर माणसं गेली. तिथल्या पाराचिनार शहराचा रस्ता बंद पडला, औषधंही पोचेनात. सरकारकडे फौज होती, हेलिकॉप्टरं होती. तरी शेवटी कोहाटला दोन्हीकडच्या बुजुर्गांना आणून गोलात बसवावं लागलं. तीन आठवड्यांवर बोलणी चालली. १ जानेवारी २०२५ ला चौदा कलमांच्या कागदावर सह्या झाल्या : मोठी हत्यारं जमा करा, बंकर आणि मोर्चे पाडा, रस्ता मोकळा करा. नीट पाहिलं तर हा जुनाच मचलघा आणि तीगा, फक्त टाइप केलेला.

तीनच दिवसांनी मदतीचा ताफा निघायच्या वेळी बगन गावाजवळ गोळीबार झाला आणि खुद्द जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर जखमी झाला. दगड ओलांडला गेला होता.

मग पुढे काय झालं? म्हाताऱ्यांनी पागोटी सारखी केली, चहा मागवला आणि पुन्हा गोल करून बसले.